डावीकडून येऊ नका

आमच्या खोल्यांच्या ओळीत शेवटच्या दारात एक मावशी राहतात. नाशिकमधल्या सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये त्या तयार माल तपासतात. लेथवर कातून आलेला प्रत्येक नग हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि बारीकसा काटा जरी लागला तरी नग बाजूला टाकायचा. अठरा वर्षं त्या हेच करताहेत. आता त्यांची नजर माणसांवरही तशीच फिरते. माझं कुणाशी भांडण झालेलं असलं, तर मी त्यांच्या उंबऱ्यावर पाय ठेवायच्या आधीच त्यांना कळतं. म्हणतात, "ये पुढारी, आज कुणाला हाणलं?"

पुढारी हे माझं त्यांनी ठेवलेलं नाव. माझे वडील कामगार संघटनेत, आई बायकांच्या मंडळात. आमच्या पलंगाखाली ट्रंकेऐवजी पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मी अक्षरं गिरवली ती मोर्चाच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. त्यामुळे अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो. मावशींना याची गंमत वाटते. मला त्यांच्याबद्दल काय वाटतं, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी मावशी चांदवडजवळच्या त्यांच्या गावाहून परत येत होत्या. एसटीची वाट बघत हायवेला उभ्या असताना त्यांना कडेच्या मातीत एक कुत्रं पडलेलं दिसलं. कुठल्यातरी गाडीने उडवलेलं. एसटीत कुत्रं घेईनात. मग त्यांनी कांद्याचा एक टेम्पो थांबवला आणि गोण्यांवर बसून, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन त्या नाशिकला आल्या. पाय बरा झाला. डावा डोळा गेला तो गेलाच. तो आता दुधाळ दिसतो, पाण्यात पीठ कालवल्यासारखा. मावशी त्या कुत्र्याला पाव्हणा म्हणतात. "चार दिवस ऱ्हाईल आन् जाईल म्हणलं होतं. ऱ्हायलाच. पाव्हण्याला जा कसं म्हणायचं?"

पाव्हणा स्वभावाने वाईट नाही. घरात तो मावशींच्या पायाशी झोपतो, वाटाण्याच्या शेंगा खातो, माझ्या वडिलांच्या चपलेवर डोकं ठेवतो. पण बाहेर पडलं की त्याचं अर्धं जग गायब असतं. डावीकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. अचानक अंगावर हात पडतो आणि त्याला पुन्हा ती गाडी आठवत असणार. मग तो वळून झडप घालतो.

आणि आपल्याकडे तर रस्त्यावरचं प्रत्येक जनावर सगळ्यांच्या मालकीचं असल्यासारखं लोक वागतात. जाता जाता डोक्यावर थापटी मारायची, तोंडासमोर बिस्किट नाचवायचं, शेपटी धरून बघायची. कुणाच्या लेकराचा गाल न विचारता ओढतात, तसंच. मला याचा संताप येतो, अजूनही येतो. ज्याला नको म्हणता येत नाही त्याचं अंग म्हणजे सार्वजनिक नळ नव्हे.

मावशींनी मला एक गोष्ट शिकवली. कुत्र्याला नको म्हणता येत नाही, हे माझं म्हणणंच चुकीचं होतं. एकदा ओट्यावर बसून त्यांनी मला दाखवलं. समोरून भाजीवाल्या काकू आल्या आणि पाव्हण्याकडे वाकून चुचकारायला लागल्या.

"बघ आता," मावशी मला हळूच म्हणाल्या. "तोंड फिरवलं. हे एक. नाकावरनं जीभ फिरवली, दोन. खायला काय हाय का समोर? नाय ना? मग जीभ कशाला? आता जांभई दिली. झोप आली का त्याला? नाय आली. शेपूट बघ, थांबली. डोळ्याचं पांढरं दिसायला लागलं." मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "अहो ताई, जरा मागं सरा. त्याला नको वाटतंय."

काकू सरकल्या. पाव्हण्याने अंग झटकलं, ओलं झाल्यावर झटकतो तसं, आणि पुन्हा पसरला.

"पाच येळा सांगतंय ते," मावशी म्हणाल्या. "सहाव्यांदा दात दावतं. लोकांना सहावंच दिसतं. आमच्या वर्कशॉपात बी तसंच. पट्टा तुटायच्या आधी मशीन चार दिवस आवाज करत असती. तुटल्यावर सगळे पळत येत्यात."

मी इतकी वर्षं कुत्री बघितली होती आणि एकदाही काही पाहिलं नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला.

पण मावशी दर वेळी शेजारी उभ्या राहून लोकांना सांगू शकत नव्हत्या, आणि एक दिवस व्हायचं ते झालं. आमच्या घरमालकांचे जावई आले होते. घरमालकांना सगळे आबा म्हणतात. या खोल्या त्यांच्या वडिलांच्या शेतात उभ्या आहेत. मागे एक पट्टा अजून शिल्लक आहे आणि तिथे ते झेंडू लावतात. माणूस चांगला, पण जावई म्हणजे त्यांच्यासाठी देवाच्या खालोखाल. जावई गाडी लावून अंगणातून चालले होते, मावशी नळावर होत्या, पाव्हणा पायरीशी बांधलेला. जावयांनी लाडात येऊन डावीकडून त्याच्या मानेला हात लावला.

रक्त आलं नाही. पॅंट मात्र मांडीपाशी चांगली वीतभर फाटली. जावई आबांचं धोतर गुंडाळून जेवायला बसले, हे सगळ्या ओळीने बघितलं आणि कुणीही हसलं नाही, निदान समोर तरी.

संध्याकाळी आबा मावशींच्या दारात आले. आत आले नाहीत.

"बाई, तुमचं माझं अठरा वर्षांचं आहे," ते म्हणाले. "तुम्हाला मी कधी शब्द बोललो नाही. पण पुन्हा कुणावर धावलं तर एक तर ते कुत्रं जाईल, नाहीतर तुम्ही खोली खाली कराल. मला दोन्हीपैकी काहीही चालेल."

"बरं आबा," मावशी म्हणाल्या.

कुत्र्यासकट बाईला दुसरी खोली कोण देणार, हे आबांना माहीत होतं, मावशींनाही माहीत होतं. वर्कशॉप इथून चालत दहा मिनिटांवर. आणि सोडून द्यायचं म्हणजे कुठे? अर्ध्या जगाचा कुत्रा पुन्हा हायवेला?

मी त्या रात्री झोपले नाही असं म्हणणार नाही, झोपले. पण सकाळी उठून कामाला लागले. मोबाइलवर वाचता वाचता मला सापडलं की बाहेरच्या देशांमध्ये ज्या कुत्र्याला अंतर हवं असतं, त्याच्या दोरीला पिवळी फीत बांधतात. लांबूनच दिसतं. लोक समजतात आणि वळसा घालून जातात. कुत्रा वाईट आहे असं ती फीत सांगत नाही. घाबरलेला असेल, आजारी असेल, म्हातारा असेल, शिकत असेल. कारण काहीही असो, जागा द्या. मला ते इतकं आवडलं की मी उठून उभी राहिले. बोलता न येणाऱ्याचं म्हणणं रंगातून बोलणारं एक साधन! यात न्याय होता. मी शहरातल्या द्वारका चौकात जाऊन चकचकीत पिवळी फीत आणली आणि येताना पत्रकंही छापून आणली. मथळा होता, 'प्रेम करण्याआधी परवानगी घ्या'. खाली फितीचा अर्थ, सात ओळींत. ओळीतल्या प्रत्येक दारात एकेक दिलं. विजेच्या खांबांना चिकटवलं.

मावशींनी फीत हातात घेऊन उजेडाकडे धरली, सवयीने. "पिवळी?" त्या म्हणाल्या.

"तोच रंग आहे सगळीकडे."

"सगळीकडं म्हंजे कुठं?"

"जगात."

त्या काहीतरी बोलणार होत्या. बोलल्या नाहीत. मी इतकी पेटलेली होते की त्यांनी मला विझवायचं नाही असं ठरवलं असावं. त्यांनी फितीचं फूल करून पाव्हण्याच्या गळ्याशी बांधलं आणि उरलेली दोरीभर गुंडाळली. तो फार देखणा दिसायला लागला, तांबूस अंगावर पिवळंधमक.

तो रविवार होता. महिना मार्गशीर्षाचा, आणि दोन दिवसांवर चंपाषष्ठी.

वाचणाऱ्यांपैकी अनेकांना आत्ताच कळलं असेल. मला कळलं नाही. माझ्या घरी देव्हारा नव्हता, पत्रकं होती. मार्गशीर्षातल्या रविवारी, गळ्यात पिवळं बांधलेला कुत्रा म्हणजे आमच्या भागातल्या माणसाला काय दिसणार? खंडोबाचं कुत्रं. भंडाऱ्याचा रंग. ज्याला वांग्याचं भरीत आणि भाकरी आधी वाढायची, मग घरच्यांनी जेवायचं. त्या कुत्र्यापासून कुणी लांब पळत नाही. त्याच्या पाया पडतात.

आम्ही त्याला फिरायला बाहेर काढलं, तर कोपऱ्यावर पोचायच्या आतच फुलवाल्या आजींनी टोपली बाजूला केली आणि हात जोडले. दोन बायका रस्ता ओलांडून आल्या. कुणीतरी म्हणालं, "देवाचं सोडलंय वाटतं." मी प्रत्येकाच्या हातात पत्रक देत होते आणि लोक ते पत्रक घेऊन कपाळाला लावत होते. प्रसादाबरोबर काहीतरी देतात, तसं.

पाव्हण्याने तोंड फिरवलं. नाकावरून जीभ फिरवली. आता मलाही दिसत होतं. एक, दोन, तीन. मावशी म्हणत होत्या, "सरका, सरका, लांब ऱ्हावा," पण त्या जितक्या सरका म्हणत होत्या तितकं लोकांना वाटत होतं की देवाच्या कुत्र्याला गर्दीत जपताहेत.

आणि तेवढ्यात आबा आले. पांढरी टोपी, हातात भंडाऱ्याची छोटी पिशवी. जावयाचा राग बाजूला ठेवून ते आले होते. त्यांना वाटलं होतं, मावशींनी कुत्र्याला खंडोबाचं करून वाद मिटवायची वाट काढली आहे. आता आपणही एक पाऊल पुढे टाकलं पाहिजे. त्यांनी चिमूटभर हळद घेतली, वाकले, आणि हात पुढे केला. डावीकडून.

मी ओरडलेसुद्धा नाही. मावशींनी पाव्हण्याच्या डोळ्याचं पांढरं आधीच बघितलं असणार, कारण कुत्रा वळायच्या आधी त्यांचा हात मधे गेला होता. दात त्यांच्या मनगटात बसले.

पाव्हण्याने लगेच सोडलं. कुणाचा हात आहे ते कळल्यावर तो जमिनीला चिकटला आणि थरथरायला लागला. मावशींनी दुसऱ्या हाताने त्याचं डोकं धरलं आणि म्हणाल्या, "काय नाय, काय नाय झालं." त्यांच्या मनगटातून रक्त आणि हळद एकत्र ओघळत होती.

आम्ही दवाखान्यात गेलो. पाव्हण्याला लस दिलेली होती, तरी मावशींनी सगळी इंजेक्शनं मुकाट घेतली. वाटेत मी रडले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, समजूतही घातली नाही. फक्त म्हणाल्या, "फीत द्वारकेवरनं आणलीस ना? चांगली हाय. पोरींच्या वेण्यांना होईल." आणि मग, जरा वेळाने, "तू लांबच्या लोकांची खूण आणलीस. हितल्या लोकांना हितली खूण लागती."

पत्रक छापून आणणारी मी, त्या वाक्यापुढे माझे सगळे मथळे फिके होते.

आबा त्या संध्याकाळी पुन्हा दारात. आवाज वाढला नव्हता. तेच जास्त वाईट होतं.

"मी देवाचं म्हणून हात पुढे केला," ते म्हणाले.

"व्हय आबा."

"आणि तुमच्या हाताला पट्टी."

"मला चावलं, आबा. भाडेकरूला. तुम्हाला नाय, जावयाला नाय. घरच्या माणसाला चावलं ते मोजायचं नसतं."

"थट्टा करू नका बाई. महिनाअखेर. तोवर काय ते बघा."

मी मधे तोंड घातलं. चूक माझी होती, पिवळा रंग माझा होता, जागा सोडायची तर मी सोडते, असं बरंच काही बोलले. आबा म्हणाले, "तू गप. तुझ्या बापाने मला चाळीस पत्रकं दिली असतील, एक वाचलं नाही मी." आणि गेले.

तीन आठवडे हातात होते. मावशी रोज सकाळी कामावर जायच्या, हाताला पट्टी बांधून नग तपासायच्या, आणि घरी येऊन पाव्हण्याशेजारी बसायच्या. त्याला कुठे ठेवता येईल का, म्हणून गावी फोन केला. भाऊ म्हणाला, शेतावर मोकळा सोडीन. हायवे शेतापासून हाकेच्या अंतरावर. मावशींनी फोन ठेवला.

मग एका दुपारी मी त्यांचा डबा द्यायला वर्कशॉपवर गेले होते. दारात टेम्पो उभा होता. लांबच लांब लोखंडी सळया भरलेल्या, हौद्याबाहेर दोन-तीन हात आलेल्या, आणि त्यांच्या टोकाला बांधलेलं लाल फडकं. सातपूरमध्ये हे इतकं रोजचं दृश्य आहे की आपण ते बघत नाही. सायकलवर पाइप नेणारा माणूससुद्धा मागच्या टोकाला लाल चिंधी बांधतो. आणि शिफ्ट सुटल्यावर, एकमेकांच्या अंगावर गाड्या घालणारे लोक त्या चिंधीपाशी आले की ब्रेक मारतात. कुणी सांगावं लागत नाही. हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत. मागे थांबतात किंवा वळसा घालून जातात.

मावशी दारात उभ्या राहून त्या टेम्पोकडे बघत होत्या. नग उजेडाकडे धरल्यावर बघतात, तसं. मग आत गेल्या आणि हात पुसायच्या चिंध्यांचं गाठोडं असतं, त्यातून दोन-तीन लाल फडकी निवडून घेऊन आल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. मी वाद घातला. मी तशीच आहे.

"मावशी, लाल म्हणजे धोका. लोक त्याला पिसाळलेला समजतील. घाबरतील त्याला. हा अन्याय आहे त्याच्यावर. त्याची काय चूक आहे?"

मावशींनी फडक्याची कड दाताने फाडली. "सळई वाईट असती का गं?"

"म्हणजे?"

"टेम्पोतली सळई. तिनं कुणाचं काय केलं? काय नाय. ती बाहेर आलीय, एवढंच. आपल्या पाव्हण्याचं बी तसंच हाय. त्याचं भ्या बाहेर आलंय. जरा अंतर ठेवा म्हणायचं. त्यात त्याला काय कमीपणा?"

मी घरी जाऊन वडिलांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "तीस वर्षं भाषणं केली. असं एक वाक्य नाही सुचलं." मग लगेच, "लाल फडकं म्हणजे कुत्रंही आपल्या संघटनेत आलं म्हणायचं."

एक फडकं दोरीच्या मधोमध. दुसरं पाव्हण्याच्या छातीपट्ट्याला, डाव्या अंगाला, खाली लोंबेल असं. मावशींनी त्याला आधी चार दिवस ती फडकी घरात हुंगू दिली, अंथरुणात ठेवली, जेवणाच्या थाळीखाली ठेवली. मग अंगणात. मग गल्लीत, दुपारच्या शांत वेळेला. घाई केली नाही. महिना संपत चालला होता आणि त्यांनी घाई केली नाही, हे मला आजही कळत नाही. मी असते तर पहिल्याच दिवशी चौकात नेलं असतं.

महिनाअखेरच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस रजा टाकून त्यांनी आबांचं दार वाजवलं.

"चला आबा, चक्कर मारून येऊ."

"कुठे?"

"शिफ्ट सुटायच्या टायमाला, मोठ्या रस्त्याला. तुम्ही मागनं चला. लांबनंच."

आबा आले. का आले कुणास ठाऊक. बहुधा नाही कसं म्हणायचं ते सुचलं नाही. मीही मागे. साडेतीनला पहिली शिफ्ट सुटली आणि कारखान्यांच्या फाटकांमधून गाड्या, सायकली, डबे लटकवलेली माणसं, बसकडे पळणाऱ्या बायका असा सगळा लोंढा रस्त्यावर आला. त्या लोंढ्यात मावशी पाव्हण्याला घेऊन शिरल्या. स्वतः त्याच्या डाव्या बाजूने.

आणि लोंढा दुभंगला. मी डोळ्यांनी बघितलं. एक मोटारसायकलवाला अगदी जवळ आला, त्याची नजर फडक्यावर पडली, आणि त्याने विचार न करता हँडल वळवलं. दोघे चालत येणारे आपोआप बाजूला झाले, बोलणंसुद्धा थांबवलं नाही त्यांनी. कुणी घाबरलं नाही. कुणी दगड उचलला नाही. सवयीने पाय वळत होते.

मावशींच्या ओळखीचा एक वेल्डर समोरून आला. चार हातांवर थांबला. "काय मावशी, माल कुठं चालला?"

"डिलिव्हरीला."

"लांब माल दिसतोय."

"लय लांब. मागं ऱ्हा."

तो हसला आणि मागे राहिला. पाव्हण्याची शेपूट हलत होती. बाहेर, रस्त्यावर, गर्दीत, ती शेपूट हलताना मी पहिल्यांदा बघत होते.

बसथांब्यापाशी मावशी थांबल्या. दोरी माझ्या हातात दिली आणि आबांकडे वळल्या.

"आबा, डावा डोळा झाका जरा हातानं."

"का?"

"झाका की. मी काय चावत नाय."

आबांनी इकडेतिकडे बघितलं आणि डोळा झाकला. बाजूने बस आली, तिचा हॉर्न वाजला, माणसं धावली. त्या गोंधळात मावशी त्यांच्या डाव्या बाजूला गेल्या आणि खांद्यावर नुसती दोन बोटं ठेवली.

आबा दचकून वळले आणि त्यांचा उजवा हात वर उठला. मारायलाच उठला. मावशींच्या चेहऱ्यापासून वीतभरावर तो थांबला.

"बघा," मावशी शांतपणे म्हणाल्या. "तुमचा बी हात उठला माझ्यावर. अठरा वर्षांत पहिल्यांदा."

आबांनी हात खाली घेतला. कितीतरी वेळ ते त्या हाताकडेच बघत होते. मग पाव्हण्याकडे बघितलं. त्याच्या दुधाळ डोळ्याकडे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. पण ते वाकले नाहीत, हात पुढे केला नाही, चुचकारलं नाही. उजव्या बाजूने, चार पावलं लांबून चालत ते घरी आले.

महिना संपला. मावशींनी त्या सकाळी पातेली एका गोणीत भरून ठेवली होती. मी विचारलं, "खरंच जाणार?" तर म्हणाल्या, "त्यांनी जा म्हणलं तर जायचं. त्यांचं बी घर हाय. त्यांना बी भ्या वाटायचा हक्क हाय." हे वाक्य मी कुठल्याही पत्रकात लिहू शकले नसते, कारण आमच्या पत्रकांमध्ये घरमालकाला भीती वाटत नाही.

आबा दहाच्या सुमाराला आले. गोणी बघितली. या वेळी आत आले आणि पाव्हण्याच्या उजव्या अंगाला, भिंतीला टेकून बसले.

"तसलं एक फडकं आणखी आहे का?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"फाटकाला बांधतो. दूधवाला येतो, गॅसवाला येतो, जावई येतात. कुत्रं अंगणात आहे हे बाहेरूनच कळलं पाहिजे. कायमचं बांधून ठेवतो."

मावशींनी गोणीतून फडकं काढलं, पण दिलं नाही. "कायमचं नाय बांधायचं, आबा."

"का?"

"पाव्हणा आत झोपला असंल आन् फडकं बाहेर असंल, तर लोक चार दिवस थांबतील. पाचव्या दिवशी म्हणतील, हे काय नुसतंच असतंय. मग खरं असंल तवा बी आत येतील. तो अंगणात असला की बांधायचं. आत गेला की सोडायचं. दर टायमाला."

"दर वेळी? दिवसातून दहादा?"

"दहादा. मी सोडीन. मी कामावर असले की पाव्हणा घरातच असतो, तवा नकोच."

आबांनी थोडा विचार केला. "रविवारी सकाळी मी झेंडूत असतो. तेव्हा मी बांधीन," ते म्हणाले. "गाठ कशी मारायची ते दाखवा. एका हाताने सुटली पाहिजे."

मावशींनी पट्टी बांधलेल्या हाताने फडकं धरलं, दुसऱ्या हाताने गाठ मारून दाखवली आणि टोक ओढून सोडली. पुन्हा मारली, पुन्हा सोडली. आबांना तिसऱ्या वेळी जमली. मी गोणीतली पातेली काढून मांडणीवर लावायला घेतली, आणि मावशी न बघताच म्हणाल्या, "मोठं खाली ठेव गं, पुढारी."